१७ हजार किलोमीटरला एकदा, २६ हजारला परत: ब्रेक पॅडचा त्रास आणि शेवटी मालवणात झालेलं काम

आधीच सांगते, गॅरेजचं नाव नंबर टाकत नाहीये, गॅरेजवाल्या काकांनीच नको सांगितलं, ते आणि त्यांचा एक पोरगा एवढीच माणसं, आहे तेच काम उरकत नाही म्हणाले. मालवणहून कसालकडे जाताना कुंभारमाठच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, जेमतेम दोन गाड्या मावतात, एवढं पुरे. पण काम कसं केलं आणि मुळात बिघाड काय निघाला ते लिहायचंच होतं, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या गाडीला आत्ता हेच होत असणार आणि त्यांना पण कोणीतरी "तुम्ही ब्रेक जास्त दाबता" असं सांगून पैसे घेत असणार.

आमची गाडी २०२२ ची, पेट्रोल, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, तिला दोन्हीकडून पॅड दाबतात) मागे ड्रम, घरातल्या सगळ्यांची एकच. घर देवबागला. ज्यांनी देवबाग बघितलंय त्यांना कळेल, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे पट्टी. गाडी अंगणात माडाखाली उभी असते, सकाळी काचेवर बोट फिरवलं तर बोटाला खारट चव लागते. रोजचं फिरणं म्हणजे मुलांना मालवणला शाळेत सोडणं, बाजार, आणि महिन्यातून एकदा (मधे सहा महिने दोनदा) सासूबाईंना डोळ्यांच्या उपचारासाठी कोल्हापूरला नेणं, कणकवली-फोंडाघाट-दाजीपूर-राधानगरी असं, जाऊन येऊन तीनशे किलोमीटरच्या वर. चालवते मीच. नवरा बोटीवर असतो, वर्षातले तीन-चार महिने घरी.

पहिल्यांदा पॅड गेले १७,६०० किलोमीटरला. हायवेवरच्या कंपनीच्या सर्विस सेंटरमध्ये सर्विसला दिली होती, दुपारी फोन आला मॅडम पुढचे ब्रेक पॅड संपलेत बदलावे लागतील. म्हटलं इतक्यात कसे? माझ्या भावाची गाडी त्याच मॉडेलची, सावंतवाडीत असतो, त्याचे ३८ हजाराला बदलले. तर समोरचा सर्विसवाला विचारतो, गाडी साहेब चालवतात की तुम्ही? मी म्हटलं मी. लगेच म्हणाला, हां मग बरोबर, लेडीज ड्रायव्हिंगला ब्रेक जास्त लागतो, त्यात तुमचा घाटाचा रूट. मला तेव्हा राग आला पण उत्तर नव्हतं, कारण मला ब्रेकमधलं काही माहीत नव्हतं आणि घाट तर खरंच होता. ३,९०० भरले आणि आले. जुने पॅड मागितले नाहीत, ही चूक. परत कधीच करणार नाही.

त्यानंतर मी स्वतःवर लक्ष ठेवायला लागले. फोंडाघाट उतरताना दुसरा गिअर, ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची हे बाबांनी शिकवलेलं, ते मी आधीपासूनच करत होते पण आता आणखी काटेकोर. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळायचं नाही, वळणाआधी एकदा नीट दाबायचा आणि सोडायचा. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा तिकडची वाहतूक फोंड्यातून यायची, पुढे ट्रक मागे ट्रक, संध्याकाळी दाजीपूरच्या अलीकडे गवे रस्त्यावर येऊन उभे राहायचे, त्यातून पण मी गिअरवरच उतरायचे. एवढं सगळं करून २६,००० ला परत कीं कीं आवाज. म्हणजे नवे पॅड साडेआठ हजार पण गेले नाहीत.

आवाज आला तेव्हा आधी वाटलं वाळू असेल. आमच्याकडे वाळू सगळीकडे शिरते. सर्विस सेंटरला दाखवायला नेली, पोराने चाक न काढता रिमच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारला आणि म्हणाला निम्मे पॅड शिल्लक आहेत, काळजी नको. डब्यातलं ब्रेक ऑइल थोडं कमी होतं ते भरून दिलं, त्याचे वेगळे पैसे. मी निश्चिंत. ह्या दोन गोष्टी, फटीतून बघणं आणि ऑइल भरून देणं, किती चुकीच्या होत्या ते मला नंतर कळलं, खाली लिहिते.

पुढच्याच कोल्हापूर फेरीत परत येताना घाट उतरून फोंड्यात चहाला थांबलो, सासूबाई दार उघडून उतरल्या आणि म्हणाल्या, "काय तरी करपता गो, वास येता." त्या पुढे डावीकडे बसतात. मी खाली वाकून बघितलं तर डावं पुढचं चाक असं तापलेलं की जवळ हात नेला तरी झळ लागत होती, आणि उजवं चाक नुसतं कोमट. डाव्या रिमवर काळी पूड पण उजव्यापेक्षा दुप्पट. मग बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या, गाडी मधे मधे डावीकडे ओढत होती ते मी टायरमधली हवा समजत होते, आणि अ‍ॅव्हरेज १९ वरून १५ वर आलं होतं ते मी एसीवर ढकललं होतं. सगळं एकाच चाकाचं होतं. त्या दिवशी घरापर्यंत चाळीसच्या वर गेले नाही, मागे मुलं होती, हात गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी सर्विस सेंटरला फोन केला तर एस्टिमेट १४,५००, पॅड, दोन्ही डिस्क, लेबर. गाडी न बघता. मी विचारलं पण झिजतात कशाने? उत्तर तेच, तुमचं ड्रायव्हिंग. तेव्हा आमच्या शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी काकांकडे पाठवलं.

काका साठीच्या पुढचे असतील. गाडी शेडमध्ये घेतली नाही, आधी मला म्हणाले एक फेरी मारून आण, फार ब्रेक न मारता. आणली. त्यांनी चारही चाकांच्या मधे हाताची उलटी बाजू नेऊन बघितली, मग जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली आणि हाताने फिरवली. उजवं चाक दोन अडीच फेरे फिरलं, डावं अर्ध्यावर अडकलं. मग विचारलं, "गाडी खंय ठेवतस?" मी म्हटलं देवबागला, अंगणात. "मगे बरोबर." त्यांचं पण "मग बरोबर" च होतं, पण ह्यात माझ्या ड्रायव्हिंगचा काही संबंध नव्हता.

डावं चाक काढून त्यांनी दोन्ही पॅड माझ्या हातात दिले. बाहेरच्या पॅडवर मसाला (घासून झिजतो तो थर) सहा मिलिमीटर शिल्लक, आणि आतल्या पॅडवर काहीच नाही, पाठचं लोखंड डिस्कला घासायला लागलं होतं. उजव्या चाकाचे दोन्ही सात, सारखे. मग म्हणाले, आणि हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय, "तू ब्रेक मारलंस म्हणान नाय गो बाय, ब्रेक सुटाकच नाय म्हणान झिजलो."

आता हे नीट सांगते कारण मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर साडेआठ हजारात दुसरा सेट गेला नसता. आपल्या साध्या गाड्यांमध्ये पुढच्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड धरून ठेवणारा लोखंडी चिमटा) पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून उलटा सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो, म्हणजे डिस्क दोन्हीकडून चिमट्यात सापडते. पेडल सोडलं की सगळं परत सैल. हे सरकणं त्या दोन पिनांवर अवलंबून, बोटाएवढ्या पिना, त्यांना रबराची टोपी असते आणि आत ग्रीस. टोपी फाटली की खारी हवा, पावसाचं पाणी, लाल चिखल सगळं आत जातं, पिन गंजून आखडते, कॅलिपर सरकत नाही, आणि आतलं पॅड डिस्कला चिकटून राहतं. पाय ब्रेकवर असो नसो, पॅड झिजतच असतं. देवबाग ते मालवण सपाट रस्त्यावर पण झिजत होतं.

आणि साधा हिशोब बघा, पेडल एकच आहे, ऑइलचा दाब दोन्ही चाकांना सारखाच जातो. मी ब्रेक जास्त दाबत असते तर पुढचे चारही पॅड साधारण सारखे झिजायला हवे होते. चारातलं एकच संपतं आणि बाकीचे तीन अर्ध्यावर आहेत तर तो दोष पायाचा असूच शकत नाही. हे सर्विस सेंटरमधल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असून त्याने विचार केला नाही, बाई चालवते म्हटल्यावर त्याचा शोध तिथेच संपला, आणि ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

फटीतून टॉर्च मारण्याचं पण असंच. बाहेरून दिसतं ते बाहेरचं पॅड. आतलं बघायला चाक काढावंच लागतं. बाहेरचं निम्मं होतंच की, पोरगा खोटं बोलला नाही, पण बघायला हवं होतं ते त्याने बघितलंच नाही. आणि ती कीं कीं वाळूची नव्हती, पॅडला एक पातळ पत्री असते, मसाला कमी झाला की ती डिस्कला लागून ओरडते, मुद्दाम तशी केलेली असते. ब्रेक ऑइलचं तर मला ऐकून धक्काच बसला, पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे ऑइल भरतं म्हणून डब्यातली पातळी खाली जाते. म्हणजे पातळी कमी झाली ही पॅड बघा अशी खूण होती, किंवा कुठे गळतंय का ते बघा अशी. दोन्ही न बघता वरून भरून दिलं.

काकांनी पिना काढल्या. खालची पिन निघेचना, पान्याने फिरवून फिरवून तेल सोडून वीस मिनिटांनी निघाली, तांबडी पूड चिकटलेली, टोपी फुगून फाटलेली. काका म्हणाले इथे कधीतरी साधं ग्रीस लावलंय, बेअरिंगचं, ते रबराला चालत नाही, रबर फुगतं, आणि ब्रेकच्या उष्णतेत वितळून निघून जातं. ह्याला सिलिकॉनचं ब्रेकचं वेगळं ग्रीस येतं. आता माझ्याकडची बिलं बघा, प्रत्येक सर्विसला "ब्रेक क्लीनिंग आणि ग्रीसिंग" ६५० रुपये लावलेत, तीन वेळा. पॅड वॉरंटीत येत नाहीत, झिजणारी वस्तू आहे, ते मला मान्य आहे आणि त्यावर माझं भांडण नाही. पण पिना साफ करून योग्य ग्रीस लावायचे पैसे घेऊन ते केलं नाही हा वॉरंटीचा विषयच नाही. मी लेखी तक्रार दिली आहे, पॅडचे आणि पिनेचे फोटो जोडून, उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच.

पिस्टन त्यांनी क्लॅम्पने दाबून बघितला, सरळ मागे गेला, म्हणजे तो ठीक होता, नाहीतर कॅलिपरचा खर्च आला असता. डाव्या पिनेला खड्डे पडले होते म्हणून पिना आणि टोप्यांचा नवीन किट घातला, दोन्ही बाजूंना, उजवीकडची अजून चालत होती तरी. पॅड पण दोन्ही चाकांचे बदलले, एकाच बाजूचे बदलून चालत नाही, गाडी ओढते. डिस्कबद्दल मला भीती होती, डाव्या डिस्कवर चरे पडले होते. डिस्कवर कमीत कमी जाडी किती चालेल ते कोरलेलं असतं, आमच्या गाडीला २० मिलिमीटर, काकांनी जाडी मोजायचं व्हर्नियर लावून मला वाचायला लावलं, २१.२ भरलं. चरे नखाला लागतील इतके खोल नव्हते. "डिस्क बदलूची गरज नाय, अजून एक सेट जायत." चौदा हजारातले निम्म्याहून जास्त पैसे ह्या डिस्कचेच होते.

ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. जुनं बाटलीत काढून दाखवलं, काळपट चहासारखं. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने ओल काही कमी नसते. डॉट ४ म्हणून येतं ते नवीन असताना २३० अंशाच्या वर उकळायला हवं, पण ओल धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते, मग लांब घाटात ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडतं, ब्रेक लागतच नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं. आमचं तीन वर्षांत एकदाही बदललं नव्हतं, वरून भरलं मात्र दोनदा. मी त्याच ऑइलवर घरच्यांना बसवून फोंडाघाट उतरत होते हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

खर्च: पॅड १,६५०, पिना आणि टोप्यांचे दोन किट ४८०, ऑइल २६०, मजुरी ७००. एकूण ३,०९०. पॅड कुठलेही स्वस्तातले घातले नाहीत, गाडीच्या कंपनीला पुरवणारे असतात त्यांच्याच स्वतःच्या डब्यातले, डबा माझ्यासमोर फोडला. ज्या पॅडमध्ये धातू जास्त ते तापल्यावर चांगले टिकतात पण आवाज करतात आणि डिस्क खातात, आपल्या ह्या गाडीला साधे मूळचेच घ्यायचे असं त्यांचं मत. नवीन पॅड बसवल्यावर स्वतः शेजारी बसून मला चाळीस-पन्नासच्या वेगावरून हळूहळू वीसवर आणायला लावलं, आठ दहा वेळा, मधे थोडं गार होऊ देऊन, आणि पहिले दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नको म्हणून सांगितलं. सर्विस सेंटरने पहिल्या वेळी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं.

आता तक्रारी पण लिहिते, नुसतं कौतुक नको. गाडी दोन दिवस तिथे अडकली, कारण किट मालवणात मिळाला नाही, कोल्हापूरहून एसटी पार्सलने आला. त्या दोन दिवसांत मुलं शेजाऱ्यांच्या रिक्षाने शाळेत गेली. दुपारी एक ते चार गॅरेज बंद, मग कोणीही येवो. बिल वहीच्या कागदावर हाताने लिहिलेलं, मला सर्विस सेंटरला जोडायला छापील हवं होतं ते मिळालं नाही. बसायला एक बाकडं, आणि बाईमाणसाला दोन तास थांबायचं तर सोय काही नाही, ते त्यांनी करायला हवं, हल्ली आम्ही बऱ्याच जणी गाड्या घेऊन येतो. आणि फोनवर काका अजिबात काही सांगत नाहीत, गाडी आण म्हणतात. पण ह्या शेवटच्याला मी तक्रार म्हणणार नाही, न बघता १४,५०० सांगणाऱ्यापेक्षा ते कितीतरी बरं.

काम मे महिन्यात झालं, आता नोव्हेंबर चालू आहे, मधे अख्खा पावसाळा गेला आणि गाडी ५,८०० किलोमीटर फिरली, त्यात कोल्हापूरच्या सात फेऱ्या. गेल्या आठवड्यात पिना तपासायला परत नेली. नवे असताना मसाला ११ होता, आता चारही पॅड साडेनऊच्या आसपास, डावं आतलं पण. ह्या हिशोबाने तीस हजार तरी सहज जातील. आणि गाडी चालवणारी तीच, रस्ता तोच, घाट तोच. अ‍ॅव्हरेज परत साडेअठरा. उजवीकडच्या एका पिनेवर थोडी ओल दिसली ती पुसून ग्रीस लावून दिली, तीनशे रुपये. समुद्राजवळ गाडी असेल तर पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चाकं काढून पिना बघायच्या असं काकांनी सांगितलंय, ते मी आता करणारच. गाडी काही दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज दिसतो त्याला मात्र घाबरायचं नाही, पहिल्या चार ब्रेकला तो निघून जातो, त्याच्यावरून कोणी डिस्क बदला म्हणालं तर आधी जाडी मोजून दाखव म्हणायचं.

फोंड्यात चहाला थांबलो की मी अजून दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघते. दोन्ही सारखीच कोमट असतात.

काकांकडे जायचं असेल तर सकाळी साडेनऊला पोचा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मुंबईच्या गाड्यांची रांग असते तेव्हा जाऊ नका, ते तोंडावर सांगतात, "घाय असात तर दुसरीकडे दी." आणि जुने पॅड न मागता तुमच्या हातात देतात, माझे अजून डिकीत एका पिशवीत आहेत.